खांदा भरून आलाय? जपानी सुई आणि शिआत्सू म्हणजे नक्की काय ते सांगते

मागच्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा असा भरून आला की ट्रेनमध्ये वरची कडी धरायला मी डावा हात वापरायला लागले. टोकियोत निशिकासाईला राहते, काम टेस्टिंगचं, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास डायनिंग टेबलवर लॅपटॉप आणि त्यात खुपसलेली मान. आपण याला मान आखडलीय, शिरेवर शीर चढलीय असं काहीही म्हणतो आणि बाम चोळून झोपतो. जपान्यांनी मात्र याला नावच देऊन टाकलंय, काताकोरी, आणि ते इतकं रोजच्या बोलण्यातलं आहे की ऑफिसात लोक सर्दी झाल्यासारखं सांगतात.

तर या काताकोरीपायी मी सुया टोचून घेतल्या, आणि त्यानंतर सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर आणि इथल्या मैत्रिणींकडून एवढे प्रश्न आले की म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकावं. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, पण टेस्टिंगवाली असल्यामुळे कुणी "हे चालतं" म्हटलं की कसं चालतं आणि कधी बंद पडतं हे विचारल्याशिवाय झोप लागत नाही.

आधी माझी चूक सांगते. स्टेशनजवळ साठ मिनिटं तीन हजार येनच्या आत असं लिहिलेलं एक झगमगीत दुकान होतं, खांदा, कंबर, डोकेदुखी, झोप, सगळ्यावर उपाय, तिथे गेले. एका पोराने कोपराने असं काही रगडलं की उठले तेव्हा हलकं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मान एका बाजूला वळेचना. यालाही जपानीत शब्द आहे, मोमिकाएशी, म्हणजे जास्त मळल्यामुळे उलटून आलेलं दुखणं. ऑफिसातल्या एका सिनियर बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, तू लायसनवाल्याकडे गेलीच नाहीस.

इथे मला पहिल्यांदा कळलं की जपानमध्ये यात तीन वेगवेगळी सरकारी लायसन्स असतात. हारी म्हणजे सुईचं एक, क्यू म्हणजे शेक द्यायचं दुसरं, आणि आन्मा (जुन्या पद्धतीचं मळणं), मसाज आणि शिआत्सू (बोटांनी दाबणं) मिळून तिसरं. प्रत्येकासाठी किमान तीन वर्षांचं शिक्षण, त्यात शरीररचना, रोगनिदान वगैरे सगळं, आणि मग राष्ट्रीय परीक्षा. बऱ्याच जणांकडे सुई आणि शेक दोन्ही असतात, काहींकडे तिन्ही. पण "रिलॅक्सेशन" किंवा "सेइताई" (म्हणजे शरीर जुळवून देणं) असं लिहून दुकान उघडायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. आणि गंमत पुढे आहे. लायसनवाल्यांनी जाहिरातीत काय लिहायचं यावर कायद्याने बंधन आहे, नाव, पत्ता, वेळ, लायसन कशाचं आहे, असं मोजकंच लिहायचं, अमुक दुखणं बरं करतो असं लिहायचं नाही. बिनलायसनवाल्यांना हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे बोर्ड जितका बडबड्या तितकी शंका घ्यायची. माझ्या गल्लीतल्या शिनक्यूइनचा, म्हणजे सुई आणि शेक देणाऱ्या छोट्या क्लिनिकचा बोर्ड मी दोन वर्षं बघत होते आणि मला ते कुठल्यातरी अकाउंटंटचं ऑफिस वाटायचं.

तिथेच गेले शेवटी. तळमजल्यावर दोन खोल्या, दारात चपला काढायच्या, आतले स्लीपर घालायचे, पडद्याआड एक अरुंद पलंग ज्याला तोंड खुपसायला भोक असतं. सेनसेई, म्हणजे उपचार करणारे गुरुजी, साठीच्या पुढचे आणि त्यांना जवळजवळ दिसत नाही. हे मला आत गेल्यावर कळलं, आणि खरं सांगते, सुया आणि न दिसणारा माणूस हे एकत्र ऐकून पोटात गोळा आला. त्यांच्या बायकोने फॉर्म वाचून दाखवला, कुठली औषधं चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी घेते का, पेसमेकर आहे का, दिवस गेलेत का, हाताला मुंग्या येतात का, पकड कमी झालीय का. मग सेनसेईंनी दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली, पोटावर तळहात ठेवला, आणि मानेपासून खांद्यापर्यंत बोटं फिरवत एका जागी थांबले. बरोब्बर तिथेच. मी न सांगता.

आता सुई. आपल्या डोक्यात सुई म्हटलं की इंजेक्शन येतं. रक्त काढायची सुई साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाड असते आणि आतून पोकळ, तिची धार कातडी कापत जाते. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, तिच्यातून काही आत सोडत नाहीत आणि बाहेरही काढत नाहीत. जपानमधल्या नेहमीच्या सुया ०.१६ ते ०.२० मिलिमीटरच्या, चिनी पद्धतीत त्याहून जाड, साधारण ०.२५ ते ०.३० च्या वापरतात. एक नंबर म्हणजे ०.१६, दोन नंबर ०.१८, तीन नंबर ०.२०, असे नंबरच असतात. पाकीट समोर फोडतात, एकदा वापरली की डब्यात.

एवढी बारीक सुई नुसती हातात धरून टोचायला गेलं तर ती वाकणार, म्हणून जपानी पद्धतीत एक नळी वापरतात. नळीची लांबी सुईपेक्षा चार-पाच मिलिमीटर कमी. नळी कातडीवर टेकवायची, सुई आत सोडायची, वर जेवढं टोक उरतं त्यावर बोटाने टक टक. तेवढीच सुई आत जाते, मग नळी काढून घ्यायची आणि हवी तर सुई हळूहळू पुढे सरकवायची. नळीचा दाब आधीच जाणवत असतो त्यामुळे टोचल्याचं वेगळं कळतच नाही. मी विचारलं, टोचली का? सेनसेई म्हणाले, तिसरी चाललीय.

ही नळी ज्याच्या नावावर आहे तोही आंधळाच होता. सुगियामा वाइची, जन्म १६१०, लहानपणीच दृष्टी गेलेली, शिकायला गेला तर गुरूने हा काही शिकत नाही म्हणून घालवून दिलं. मग तो एनोशिमा बेटावर बेनतेन देवीच्या गुहेत उपास करत बसला, परत येताना दगडाला अडखळून पडला आणि पायाला काहीतरी टोचलं, चाचपून बघितलं तर गुंडाळल्या गेलेल्या पानात पाइनच्या झाडाची सुई. अशी गोष्ट सांगतात. (बेनतेन म्हणजे आपली सरस्वतीच बरं का, बौद्ध धर्माबरोबर इकडे आलेली.) गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण माणूस खरा, पुढे तो शोगुन, म्हणजे तेव्हाचा जपानचा लष्करी राज्यकर्ता, त्सुनायोशीवर उपचार करायचा आणि १६८२ मध्ये त्याने आंधळ्यांना सुईविद्या शिकवायची शाळा काढली. शोगुनने विचारलं काय हवं, तर हा म्हणाला एक डोळा. डोळा कुठून देणार, म्हणून हितोत्सुमे, म्हणजे "एक डोळा", नावाच्या भागात जागा दिली. तिथे आजही त्याच्या नावाचं छोटं मंदिर आहे, टोकियोतल्या र्योगोकू स्टेशनवरून चालत जाता येतं. आंधळ्या लोकांचा हा धंदा जपानने इतका जपलाय की डोळसांसाठी मसाज-शिआत्सूच्या नव्या शाळा काढायला कायद्याने अडवता येतं, आणि ते घटनेला धरूनच आहे असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं. हे वाचलं आणि पोटातला गोळा जरा लाजला.

आता ते टोचतात कुठे आणि का, हा सगळ्यात अवघड भाग. मूळ कल्पना चीनची, सहाव्या शतकाच्या सुमारास जपानात आली. शरीरात एक ऊर्जा फिरते, चिनी लोक तिला ची म्हणतात, जपानी की, आपण प्राण म्हणू. ती ठरलेल्या वाटांनी जाते. मुख्य वाटा बारा, शिवाय पुढून आणि मागून मधोमध जाणाऱ्या दोन. त्यांच्यावर ठिकाणं आहेत, जपानीत त्सुबो, ३६१ ठिकाणांच्या जागा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये ठरवून दिल्या, कारण चीन, जपान आणि कोरियात एकाच ठिकाणाचा पत्ता थोडा थोडा वेगळा होता. वाट तुंबली की दुखतं, ठिकाणावर टोचलं किंवा दाबलं की मोकळी होते, असं जुनं शास्त्र सांगतं.

एक ठिकाण करून बघा म्हणजे कळेल. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला एक खळगा लागतो. तिथून खाली स्वतःची चार बोटं आडवी ठेवा, आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर या. दाबलं की खोल, बोथट असं दुखतं ना? ते सानरी. जुन्या काळी जपानी लोक लांब पायी प्रवासाला निघण्याआधी इथे शेक घ्यायचे. मोजमाप सेंटीमीटरमध्ये नाही तर स्वतःच्या बोटांत असतं हे मला फार पटलं, बुटक्याचं आणि उंचाचं ठिकाण आपोआप जुळतं.

पण या वाटा शरीरात सापडतात का? नाही. प्रेत उघडून बघा, स्कॅन करा, शिरा दिसतात, नसा दिसतात, कीची वाट दिसत नाही. मला वाटतं त्या म्हणजे पत्ता सांगायची पद्धत आहे. मारुतीच्या देवळावरून डावीकडे, पिंपळापाशी थांबा, तसं. पत्ता बरोबर असू शकतो, पिंपळावर मुंजा आहे की नाही हा वेगळा प्रश्न.

मग टोचल्यावर होतं काय? जे मोजता आलंय ते असं. सुई नसांच्या टोकांना आणि स्नायूला डिवचते, तो निरोप मणक्यातून मेंदूत जातो आणि मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो, अफूच्या जातीची, एंडॉर्फिन. हे कशावरून, तर अफूचा परिणाम मारणारं नॅलोक्सोन नावाचं औषध आहे, ते आधी दिलं तर सत्तरच्या दशकातल्या काही प्रयोगांत सुईचा वेदनाशामक परिणाम कमी झालेला दिसला. दुसरं म्हणजे मणक्यात दुखण्याच्या निरोपाला एक फाटक असतं असं मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, दाबाचा आणि स्पर्शाचा निरोप आला की ते फाटक थोडं लागतं. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो, ते हेच.

सुई बरोबर जागी बसली की एक जाणीव येते, टोचल्याची नाही, जड, पसरत जाणारी, कुणी आतून घंटा वाजवल्यासारखी. चिनी पद्धतीत ती आलीच पाहिजे म्हणतात. जपानीत तिला हिबिकी म्हणतात, म्हणजे प्रतिध्वनी, आणि बरेचसे जपानी सेनसेई ती हलकीच ठेवतात. मला खांद्यात टोचलं आणि हिबिकी कानामागे आली. विचित्र वाटलं, वाईट नाही.

मग शेक, म्हणजे ओक्यू. मोगुसा नावाचा पिवळसर कापूस असतो, योमोगी या झाडाच्या पानांच्या मागची लव वाळवून, दळून, चाळून केलेला. योमोगी म्हणजे आपण जोतिबाला वाहतो त्या दवण्याचा सख्खा नातलग, दोघं आर्टेमिसिया कुळातले. वासाने मला एकदम चैत्र आठवला. तांदळाच्या दाण्याएवढा कापूस ठेवून उदबत्तीने पेटवतात, किंवा हल्ली खाली चिकट कागद असलेलं तयार मिळतं, केमिस्टकडे पण. गरम लागलं की सांगायचं, लगेच उचलतात. माझी पणजी बिब्बा तापवून डाग द्यायची, ते आठवून मी आधीच ओरडले, पण हा शेक डाग पडू नये असाच देतात आजकाल.

शिआत्सूत सुई नाहीच. शि म्हणजे बोट, आत्सू म्हणजे दाब. तेल नाही, कपडे अंगावर. आपल्याकडे चेपणं, रगडणं, तुडवणं (लहानपणी आजोबांच्या पाठीवर चालायचो ते) सगळं हलतं-फिरतं असतं. शिआत्सूत अंगठ्याचा मांसल भाग सरळ खाली टेकवायचा, शरीराचं वजन हळूहळू सोडायचं, तीन ते पाच सेकंद थांबायचं, हळूच उचलायचं, दोन बोटं पुढे. चोळायचं नाही, घुसळायचं नाही. घुसळणं ते आन्मा, ते जुनं. शिआत्सूला आजचं रूप दिलं तोकुजिरो नामिकोशी यांनी, जन्म १९०५, कुटुंब शिकोकूहून होक्काइदोच्या थंडीत राहायला गेलं आणि आईचे सांधे धरले, औषध नव्हतं, पोरगा बोटांनी दाबत बसायचा, त्यातून हे सुचलं असं ते सांगायचे. १९४० मध्ये त्यांनी टोकियोत शाळा काढली, १९५४ मध्ये जपानात आलेल्या मेरिलिन मनरोवर उपचार केले आणि एकदम फेमस झाले. टीव्हीवर हसत म्हणायचे की शिआत्सूचं मन म्हणजे आईचं मन, दाबलं की जिवाचा झरा फुटतो. नामिकोशी पद्धतीत कीच्या वाटांपेक्षा स्नायू आणि नसांवर भर आहे, वाटांचं शिआत्सू पुढे शिझुतो मासुनागा यांनी वाढवलं, म्हणजे एकाच बोर्डाखाली दोन वेगळे विचार असू शकतात.

बरं, मग हे खरंच चालतं का? माझ्या कामाच्या भाषेत, टेस्ट केलंय का? भरपूर केलंय, आणि रिझल्ट डोकं खाजवायला लावणारा आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ पेशंटवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये छापून आली. एका गटाला शास्त्रानुसार सुया, दुसऱ्याला खोट्या, म्हणजे भलत्याच जागी आणि वरवर टोचलेल्या, तिसऱ्याला नेहमीचे औषध-व्यायाम. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना बरं वाटत होतं, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ आणि नेहमीच्या उपचारांत २७.४. आता याचा अर्थ काय लावायचा? भक्त म्हणतात बघा, औषधापेक्षा भारी. टीकाकार म्हणतात बघा, कुठेही टोचा, सारखंच. दोघंही बरोबर आहेत आणि मला यातलं खरं उत्तर असं वाटतं की टोचणं, अर्धा तास शांत पडणं, कुणीतरी नीट हात लावून विचारणं, यात बराच गुण आहे आणि नेमक्या जागेत त्यामानाने कमी. शिवाय दुखणं शिगेला पोचतं तेव्हाच आपण कुणाकडे तरी जातो, ते तसंही थोडं उतरणारच असतं, हा हिशोब कुणी धरत नाही.

ब्रिटनमध्ये नाइस म्हणून सरकारी संस्था आहे, कुठला उपचार द्यावा ते ठरवते. तिने २०१६ मध्ये सांगितलं की कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका, आणि २०२१ मध्ये सांगितलं की कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्यात देऊन बघायला हरकत नाही. एकच संस्था! ऑपरेशननंतरच्या मळमळीला मनगटाच्या आतल्या ठिकाणाचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. शिआत्सूवर चांगल्या चाचण्या फारच थोड्या. आणि डायबेटिस, थायरॉइड, कॅन्सर सुयांनी बरा करतो असं कुणी म्हणालं तर चपला घालून निघायचं.

हे सगळं फोनवर सांगत होते तर आई मधेच म्हणाली, "अगं, ते आपल्या कोटणीस डॉक्टरांनीच आणलं ना भारतात?" सोलापूरकर म्हणून मला पण तेच वाटायचं. पण नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते सर्जन म्हणून, आघाडीवर ऑपरेशनं करत राहिले आणि १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. अ‍ॅक्युपंक्चर आणलं त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, ते पन्नासच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात सुरू केलं. आई म्हणाली, "मग मैत्रीचाच गुण की." आता तिच्यासाठी शोधलं तर कळलं की महाराष्ट्रात याला वेगळा कायदा आहे, २०१५ चा, आणि कौन्सिलही आहे. म्हणजे तिकडेही पहिला प्रश्न तोच, नोंदणी आहे का, आणि दुसरा, सुया नव्या पाकिटातल्या का. लाजू नका, विचारा.

धोके कमी आहेत पण आहेत. थोडं काळंनिळं होणं, क्वचित गरगरणं, म्हणून उपाशीपोटी जाऊ नये. खांद्यावर आणि छातीवर फार खोल टोचलं तर फुफ्फुसाला भोक पडू शकतं, क्वचितच पण झालेलं आहे. गरोदरपणात अंगठा-तर्जनीच्या मधलं आणि घोट्याच्या वरचं ठिकाण टाळतात. आणि हाताची पकड गेली, बधिरपणा वाढतोय, छातीतून हातात कळ येतेय, ताप आहे, तर आधी डॉक्टर, सुई नंतर. माझ्याकडून सेनसेईंनी दोन्ही हातांची पकड करून घेतली ती याचसाठी.

पैशाचं सांगायचं तर इथला इन्शुरन्स सुईला चालतो, पण डॉक्टरचं संमतीपत्र लागतं आणि मोजकी सहा दुखणी, नसांचं दुखणं, संधिवात, मानेपासून हातात उतरणारं, फ्रोझन शोल्डर, कंबरदुखी आणि मानेला हिसका बसल्यानंतरचं. नुसती काताकोरी त्यात नाही. मी खिशातून दिले, एका वेळचे साडेपाच हजार येन, आठवड्यातून एकदा, चार वेळा. पहिल्या वेळी त्या रात्री गाढ झोप लागली आणि सकाळी खांदा होता तस्साच. दुसऱ्यानंतर हात वर जायला लागला. चौथ्या वेळी सेनसेई म्हणाले पुढची अपॉइंटमेंट घेऊ नकोस, तुझं टेबल कसं आहे ते सांग.

मी सांगितलं. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, हवेत टाइप करायला लावलं, कोपर आणि हनुवटी चाचपून बघितली आणि म्हणाले स्क्रीन वीतभर वर पाहिजे, कीबोर्ड वेगळा घे. कीबोर्ड घेतला. लॅपटॉप सध्या आईने पाठवलेल्या शेंगा चटणीच्या दोन डब्यांवर ठेवलाय, त्यातला एक परवा उघडला, तर आता त्याच्या जागी साखरेचा डबा आहे.